गवत कापायचं वाहन

भंगारवाल्याच्या दुकानात शिरलेला माणूस रिकाम्या हातानं बाहेर येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्या दुकानावरून जायची वेळ आली की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जातो आणि दुकान संपलं की परत अलीकडे येतो. बायको याला भित्रेपणा म्हणते. मी याला अनुभव म्हणतो. पण त्या संध्याकाळी माझ्याबरोबर सासरे होते, आणि सासऱ्यांना 'इकडून नको, तिकडून चला' असं सांगायला जो ताठ कणा लागतो, तो कुठल्याच जावयाला मिळालेला नसतो.

सासरे दुकानापाशी थांबले. नुसते थांबले नाहीत, चक्क वाकले. जुनी कपाटं, मोडक्या सायकली आणि कुणाच्या तरी बाथरूममधून उपसून आणलेले नळ यांच्या गर्दीत गवत कापायचं एक गंजकं मशीन पडलं होतं. त्याच्यावर हात ठेवून ते म्हणाले, "हे चालू होईल."

तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? विशेष असं की, सासूबाई गेल्यानंतर बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली त्याला बरेच दिवस झाले होते, आणि इतक्या दिवसांत त्यांनी व्यक्त केलेलं हे पहिलं मत होतं. एरवी त्यांच्या तोंडी एकच शब्द. पंखा जोरात लावला, छान. पंखा बंद केला, छान. भाजीत मीठ पडलं नाही, छान. विसरून दोनदा पडलं, तरी छान. फ्रिज उघडायच्या आधी ते विचारायचे. सकाळी उठले की पलंगावरची चादर अशी ताणून ठेवायचे की रात्री इथे कुणी झोपलं होतं असा संशयसुद्धा येऊ नये. बायको एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली होती, "बाबा आपल्याकडे राहत नाहीयेत रे. उतरलेत."

त्यात त्यांच्या जुन्या शाळेतल्या एका शिक्षकमित्रानं त्यांच्यासाठी एक भाड्याची खोली बघून ठेवली होती. हो की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. "एकटे राहिले तर ते जेवणारसुद्धा नाहीत," बायको म्हणाली. "तू काहीतरी कर." आता मी विमा कंपनीत काम करतो. आमच्याकडे 'काहीतरी करा' म्हटलं की आधी समिती नेमतात. घरात समिती नेमायची सोय नसल्यामुळे मी सासऱ्यांना रोज संध्याकाळी फिरायला नेत होतो, एवढंच. तेव्हा ते 'हे चालू होईल' म्हणाले आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं, तेव्हा मी ते मशीन घेणार हे भंगारवाल्याला माझ्याही आधी कळलं.

"मालकानं फक्त रविवारी वापरलंय साहेब," तो म्हणाला.

"किती रविवार?" मी विचारलं.

त्यानं आभाळाकडे पाहिलं आणि विषय बदलला. मशीनला तीनच चाकं होती. चौथं चाक त्यानं एका बाबागाडीचं काढून दिलं, वर 'तुमच्यासाठी फुकट' असंही म्हणाला. ते इतर तिन्हींपेक्षा बोटभर मोठं निघालं. त्यामुळे मशीन एक खांदा वर उडवल्यासारखं दिसायचं, जणू कुणी 'मला काय माहीत' म्हणतंय.

घरापर्यंत ते ढकलत आणताना मी माझ्या प्रतिष्ठेबद्दल फार विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. पण प्रतिष्ठा आपला विचार करतेच. रस्त्यावरच्या इस्त्रीवाल्यानं "साहेब, नोकरी बदलली?" असं विचारलं, तेव्हा मी हसलो. त्या हसण्याचा आतून किती त्रास होतो ते ज्याचं त्याला माहीत.

आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "हे वाहन आहे का फर्निचर?"

"मशीन आहे."

"मशीनचा रकाना नाही. वाहन असेल तर स्टिकर दाखवा. फर्निचर असेल तर सेक्रेटरींची चिठ्ठी लागेल."

"पिशवीचा रकाना आहे का?" सासऱ्यांनी अगदी नम्रपणे विचारलं.

पिशवीला रकाना लागत नव्हता. मग आम्ही मशीनवर आमची भाजीची पिशवी पांघरली, ती त्याच्या एक अष्टमांश भागावर बसली, आणि वॉचमननं दुसरीकडे बघून पिशवी आत जाऊ दिली.

आम्ही तळमजल्यावर राहतो. मागच्या गॅलरीचं दार उघडलं की सोसायटीची मोकळी जागा. नावाला बाग. प्रत्यक्षात कंबरेला लागेल असं गवत, त्यात हरवलेले चेंडू, वाळत घातलेले आणि उडालेले कपडे, आणि एकदा तर कुणाचं तरी अख्खं स्टूल सापडलं होतं. सासरे रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून त्या गवताकडे बघत बसायचे. आता मला कळलं, ते काय बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर परवानगी काढायला सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी म्हणजे सोसायटीतला एकमेव माणूस ज्यानं नियमावली शेवटपर्यंत वाचली आहे, आणि त्याचं दुःख तो आम्हा सगळ्यांना वाटून देतो. 

"गवत कापायला हरकत नाही," ते म्हणाले. "पण इंजिन म्हणजे आवाज आला. रविवारी सकाळी एक तास. आणि कुणाची झोपमोड होता कामा नये."

"इंजिन चालू करायचं आणि झोपमोड नको?"

"नियमात तसंच आहे. आता ते कसं जमवायचं ते तुमचं तुम्ही बघा. आणि एक, गवत नीट कापलं गेलं नाही तर पुढच्या बैठकीत आम्ही तिथे फरशी टाकायचा ठराव घेतोय. वाहनं लावायला."

म्हणजे रविवारी गवत, सोमवारी खोली. मी घरी येऊन बायकोला फक्त पहिली गोष्ट सांगितली. दुसरी तिला पाठच होती.

मग आमची दुरुस्ती सुरू झाली. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सासऱ्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. लोखंड जगात कुठे कुठे सापडतं हे ते झोपेतसुद्धा सांगतील, पण त्या लोखंडाचा नट कुठल्या बाजूला फिरवायचा, हा भाग अभ्यासक्रमात नव्हता. माझं म्हणाल, तर मी घरातला बल्बसुद्धा कुणीतरी शिडी धरल्याशिवाय बदलत नाही. म्हणजे दोघांनाही काही येत नव्हतं आणि दोघांनाही ते एकमेकांपासून लपवायचं होतं. सासरा आणि जावई या नात्यात आदर इतका असतो की कामाला जागाच उरत नाही.

"जावईबापू, हा स्क्रू आधी काढावा का?"

"तुम्हाला योग्य वाटेल तसं, बाबा."

"छे छे, तुम्ही शिकलेले."

"तुमच्या अनुभवापुढे माझं शिक्षण ते काय."

"मग तुम्ही म्हणत असाल तर काढतो."

"मी कसलं म्हणतोय? तुम्हीच म्हणालात."

अशा रीतीनं तो स्क्रू निघेपर्यंत बायकोचा चहा होऊन थंड झाला. गॅलरीत पसरलेली जुनी चादर बघता बघता नट, वॉशर, स्प्रिंगा आणि काळ्या तेलानं भरून गेली. ती जुनी चादर नव्हती, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. वडिलांकडे पाहून बायको नुसती हसली आणि माझ्याकडे पाहून हसायची थांबली.

शिवाय वरून मार्गदर्शन होतंच. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका दिवसभर त्यांच्या गॅलरीत असतात. सोसायटीत त्यांना आकाशवाणी म्हणतात, कारण कुठलाही प्रश्न न विचारता उत्तर वरून येतं. "प्लग घासा!" उत्तर आलं. आम्ही प्लग घासला. "घासू नका, रॉकेलात टाका!" आम्ही टाकला. "अहो अख्खा नाही!" तोवर तो अख्खा गेला होता. सगळं परत जोडल्यावर एक नट उरला, तेव्हाही काकांनी आम्हाला दिलासा दिला, "उरतोच. कंपनी जास्तीचा घालते." मला ते इतकं पटलं की आजही तो नट कुठे लागतो याचा मी तपास केलेला नाही.

पातं बोथट झालं होतं. ते आम्ही चौकातल्या धारवाल्याकडून धार लावून आणलं. ते पातं मशीनच्या पोटाखाली एकाच बोल्टवर बसतं. शुक्रवारी संध्याकाळी सासऱ्यांनी मशीन आडवं करून ते स्वतःच्या हातानं बसवलं. बसवून झाल्यावर हात पुसत माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडावर तसलं समाधान मी फक्त बायकोच्या जुन्या फोटोंत पाहिलं होतं.

आणि मी पाहिलं, की पातं उलटं बसलंय. त्याच्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं होतं: ही बाजू जमिनीकडे. ती बाजू इंजिनाकडे होती.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? 'बाबा, चुकलंय' असं सांगायचं? ज्या माणसाला फ्रिज उघडायला धीर होत नाही, त्यानं इतक्या दिवसांनी एक काम मनासारखं केलंय, आणि जावयानं तोंड उघडून त्याच्यावर पाणी ओतायचं? छे. मी म्हणालो, "वा बाबा, झकास बसलंय." मग ते देवाला दिवा लावायला आत गेले आणि मी झटकन बोल्ट काढून पातं सुलटं केलं, बोल्ट घट्ट पिळला आणि मशीन होतं तसं उभं केलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. नाती अशीच सांभाळायची असतात, असं मी बायकोला म्हणणार होतो. पण मग ते गुपित राहिलं नसतं, म्हणून नाही म्हणालो.

शनिवारी पेट्रोल. मी डबा घेऊन पंपावर गेलो. पंपावरचा पोरगेलासा माणूस म्हणाला, "डब्यात मिळत नाही. वाहनातच टाकतो."

"वाहन नाहीये. मशीन आहे."

"मग मशीन आणा."

मी ठामपणे सांगितलं की हा शुद्ध अन्याय आहे. त्यानंही मान्य केलं. मग मी घरी येऊन सासऱ्यांना घेऊन, मशीन ढकलत परत पंपावर गेलो. रांग होती. पुढे एक स्कूटर, मागे एक मोटार, मधे आम्ही. रांग सरकली की आम्ही मशीन सरकवायचो. बाबागाडीचं चाक दर सरकण्याला चिंव करायचं. मागच्या मोटारीनं हॉर्न दिला म्हणून मी वळून बघितलं, तर आत आमचे ऑफिसातले साहेब. त्यांनी काच खाली केली. "नवी घेतली वाटतं?" ते म्हणाले. "ॲव्हरेज काय देते?" मी विमा कंपनीत आहे, अपघात पाहिला की ओळखतो. हा माझ्या प्रतिष्ठेचा झाला होता, आणि त्याचा कुठे दावा लावता येत नव्हता.

आमचा नंबर आला. "किती टाकू?"

"फुल," मी म्हणालो. टाकी चहाच्या कपाएवढी होती. ती भरली आणि उरलेलं माझ्या बुटात गेलं.

"हवा चेक करायची?" पंपवाल्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"मागचं डावं तेवढं बघा," सासरे त्याच्याहून गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. हा विनोद होता का? त्यांच्या तोंडावरून काही कळेना. मागचं डावं म्हणजे बाबागाडीचं, भरीव रबराचं. पण घरी येताना त्यांनी एकदा हळूच शीळ घातली. मी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती पोळपाट तसाच टाकून गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

रविवारी सकाळी अख्खी सोसायटी आपापल्या गॅलरीत. झोपमोड होऊ नये म्हणून सगळे आधीच उठून बसले होते. सेक्रेटरी घड्याळ घेऊन खाली आले. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मशीन गवताच्या काठाशी उभं केलं.

"जावईबापू, तुम्ही ओढा दोरी."

"नाही बाबा, मान तुमचा."

"अहो, तुमचं घर."

मला ते लागलं. पण लोक बघत होते. मी दोरी ओढली. इंजिन खोकलं. परत ओढली, परत खोकलं. मग दोरीची मूठ सुटून माझ्या हातात आली आणि माझं कोपर मागे उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या पोटात गेलं. त्यांनी वेळ थांबवायला नकार दिला. दोरीला गाठ मारून सासऱ्यांनी ओढली, मी ओढली, वॉचमननं येऊन ओढली. वरून आवाज आला, "चोक! चोक ओढा आधी!" आम्ही चोक ओढला आणि इंजिन धडधडत सुरू झालं. काकांचा एखादा सल्ला बरोबर निघण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे ते स्वतःसुद्धा दचकून खुर्चीत बसले. टाळ्या पडल्या. धूर आमच्या गॅलरीत गेला, बायको खोकत खोकत टाळ्या वाजवत होती.

मी मशीन गवतात घातलं आणि ढकलत निघालो. गवत भराभर आडवं होत होतं. भिंतीपर्यंत गेलो, वळलो, आणि अभिमानानं मागे पाहिलं.

गवत उभं राहत होतं. सगळं. हळूहळू, अंग झाडत, आहे तसं. मशीन आलं की वाकायचं, गेलं की ताठ व्हायचं. साहेब समोरून गेल्यावर आमच्या ऑफिसात असंच होतं. मी परत फिरलो, परत ढकललं. गवतानं परत नमस्कार केला.

"मालिश चाललंय का कापणी?" वरून विचारणा झाली. सगळ्या गॅलऱ्या हसल्या. सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि पावलांनी अंदाज घेतला की इथे किती वाहनं मावतील.

मी इंजिन बंद केलं. सासरे मशीनजवळ आले. सकाळचा तो माणूस कुठेतरी गेला होता आणि त्याच्या जागी तोच चादर ताणून ठेवणारा पाहुणा उभा होता. "छान झालं," ते म्हणाले. "तुम्ही खूप कष्ट घेतलेत जावईबापू. आता राहू द्या. मी उद्या त्या खोलीचं कळवून टाकतो."

गॅलरीत बायकोनं तोंड फिरवलं. मला तिची फक्त पाठ दिसली, आणि त्या पाठीवरून मला सगळं कळलं. काहीतरी करायचं म्हणून मी प्लगची वायर काढली आणि मशीन आडवं पाडलं. पेट्रोल सांडलं. पातं समोर आलं. ही बाजू जमिनीकडे. ती बाजू इंजिनाकडे.

"अहो, पण हे मी सुलटं केलं होतं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

सासऱ्यांनी वर पाहिलं. "तुम्ही? तुम्ही कधी?"

"शुक्रवारी. तुम्ही दिवा लावायला गेलात तेव्हा."

"अहो, मग मी काय केलं?" त्यांचा आवाज चढला. "शनिवारी पहाटे मला अंथरुणात आठवलं, की आपण पातं उलटं बसवलंय. तुम्ही 'झकास' म्हणालात, म्हणजे तुमच्या ते लक्षात आलेलं नाही. म्हटलं, जावयासमोर कशाला शोभा. उठलो, चष्मा न शोधता चाचपून फिरवलं."

"तुम्ही सुलटं पातं उलटं केलंत!"

"मी बघितलं दोघांना," बायको गॅलरीतून म्हणाली. तिचे डोळे पुसायचे राहिले होते. "आधी हा, मग तुम्ही. मला वाटलं, तुमची पाळी लावलेली आहे!"

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी सासऱ्यांना म्हणालो.

"मी सांगू?" सासरे कडाडले. "तू का नाही सांगितलंस? गाढवा, समोर दिसतंय उलटं, आणि 'वा बाबा, झकास' म्हणतोस? वर्गात एखाद्यानं नकाशा उलटा टांगला तर बाकीचे पोरगे ओरडून सांगतात! तुझ्या तोंडात काय बोळा कोंबला होता?"

सासऱ्यांचा हात हवेतच राहिला. आपण काय बोलून गेलो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला, त्यांनी हात खाली घेतला. "माफ करा हं, जावईबापू," ते पुटपुटले. "तोंडातून गेलं. मी असं..."

आता तो माणूस परत आत जाणार, परत छान म्हणणार, उद्या जाणार. मला ते स्पष्ट दिसलं. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण विचार करून, सासऱ्यांवर ओरडलो.

"माफ-बिफ काही नाही! गेलं तर गेलं! पण चूक तुमची आहे! चष्म्याशिवाय यंत्राला हात लावता? भूगोल शिकवायचात का अंधारात चाचपडायचात?"

बायकोनं तोंडावर हात धरला. मलाही घाम फुटला होता. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारून उभा होतो. मग त्यांच्या छातीत श्वास भरताना मला दिसला.

"माझा चष्मा काढतोस? अरे, चष्मा सापडायला दिवा तर लावता आला पाहिजे! माझ्या खोलीतला दिवा लावला की पंखा चालू होतो आणि पंख्याचं बटण दाबलं की काहीच होत नाही. कुणी करून ठेवलंय ते?"

"मी!" मी अभिमानानं म्हणालो.

"दिसतंयच! आणि तो पंखा! रात्रभर कटकट कटकट, जणू उशाशी कुणी सुपारी फोडतंय. आणि ती उशी! उशी आहे का पायरीचा दगड? आल्यापासून माझी मान वळत नाही. कुणी हाक मारली तर अख्खा वळतो मी!" ते गॅलरीकडे अख्खे वळले. "आणि तू! चहात साखर घालायला काय होतं गं तुला? बिनसाखरेचा चहा पितोय मी इथे, तोंड न वाकडं करता!"

"बाबा, तुम्हीच छान म्हणायचात!" बायको हसत होती का रडत होती, देवाला ठाऊक. 

"मग काय म्हणू? लेकीच्या दारात बसून तक्रारी सांगू?"

"सांगा की!" ती कठड्यावरून ओरडली. "अजून काय काय आहे? सगळं सांगा!"

त्यांच्याकडे खूप होतं. मी तोवर बोल्ट काढून पातं सुलटं केलं, आणि ते माझ्या खांद्यावरून वाकून, चष्मा लावून, 'ही बाजू जमिनीकडे' मोठ्यांदा वाचत होते आणि त्याच दमात जिन्यातला अंधार, बाथरूमचा नळ आणि माझं घोरणं काढत होते. माझं घोरणं भिंतीपलीकडून ऐकू येतं, हे मला नवीन होतं. ते मी मनावर घेतलं नाही. सेक्रेटरी जवळ येऊन म्हणाले, "वेळ संपत आलीय."

"संपू दे," सासरे म्हणाले. "बाजूला व्हा, पायाशी पातं आहे. आणि फरशी-बिरशी काय म्हणत होतात? इथे खुर्च्या मांडायच्या आहेत. उन्हात वाहनं बसत नाहीत, माणसं बसतात." सेक्रेटरी बाजूला झाले. नियमावलीत यावर काही नव्हतं.

मशीन उभं केलं. वरून काका काही सांगणार होते, पण खालूनच 'गप्प बसा हो' असं आल्यामुळे ते गप्प बसले.

"बाबा," बायकोनं गॅलरीतून हळूच विचारलं, "त्या खोलीवाल्यांना काय कळवायचं?"

"सांग त्यांना, वेळ नाही म्हणावं," सासरे तिच्याकडे न बघता म्हणाले. "एवढं गवत आहे. उशी बदलायची आहे." मग ते माझ्याकडे वळले. "बघत काय उभा राहिलास? ओढ दोरी."